धक्क्यावरचे दोघे: कँडिन्स्कीच्या एका निसर्गचित्राचं वाशिष्ठीकाठी झालेलं वाचन

चित्र एकच, वर्गही एकच, पण उत्तरं दोन आणि तीही एकमेकांच्या अगदी उलट. अर्धा वर्ग म्हणत होता, ही जत्रा आहे, सगळीकडे आनंद उधळलाय. उरलेले म्हणत होते, हा पूर आहे आणि यातली माणसं वाचत नाहीत.

चिपळूणकडून दाभोळकडे उतरताना वाशिष्ठीच्या काठावर लागणाऱ्या एका शाळेत रसग्रहणाचं शिबिर होतं. नववी-दहावीची मुलं होती आणि आसपासच्या शाळांमधले काही चित्रकला शिक्षक. सुरुवातीच्या अमूर्त निसर्गचित्रात भावना आणि गती कशी वाचायची, हा विषय माझ्याकडे होता. अमूर्त चित्र समोर आलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास निघतं: ज्याला जे दिसेल ते खरं. तेवढं म्हणून पुढच्या चित्राकडे वळता येतं. इथे तसं करणं शक्य नव्हतं. पूर म्हणणाऱ्यांमध्ये जी मुलगी सगळ्यांत ठाम होती, ती २२ जुलै २०२१ च्या रात्री चिपळुणातच होती. पाणी घरात शिरलं तेव्हा ती पाचवीत होती. ‘तुझं तुझ्यापुरतं खरं’ असं सांगून तिला खाली बसवलं असतं तर तिच्यावर अन्याय झाला असता, आणि चित्रावरही. तिचं म्हणणं चित्रात आहे की फक्त तिच्या आठवणीत, हे तपासायलाच हवं होतं. ते कसं तपासलं आणि हाती काय आलं, ते इथे सविस्तर मांडते आहे.

चित्र कोणतं

वॅसिली कँडिन्स्कीचं ‘इम्प्रोव्हायझेशन क्लाम’ (जर्मनमध्ये क्लाम म्हणजे अरुंद घळ), साल १९१४. कॅनव्हासवर तैलरंग, ११० बाय ११० सेंटिमीटर, म्हणजे नेमका चौरस. मूळ चित्र म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. तिथे ते आलं गाब्रिएले म्युंटरमुळे. ती स्वतः मोठी चित्रकार होती आणि कँडिन्स्कीची त्या काळातली सहचारिणी. नाझी राजवटीत तिने ही सगळी चित्रं मुर्नाऊ गावातल्या आपल्या घराच्या तळघरात लपवून ठेवली आणि १९५७ साली शहराला देऊन टाकली. या बाईंचे उपकार सांगितल्याशिवाय मी कँडिन्स्कीवर बोलायला सुरुवात करत नाही.

कँडिन्स्की १८६६ साली मॉस्कोत जन्मला. कायदा आणि अर्थशास्त्र शिकला आणि तिशीत, १८९६ साली, प्राध्यापकी नाकारून चित्रकला शिकायला म्युनिकला आला. १९०८ पासून तो मुर्नाऊत निसर्गचित्रं करू लागला. आल्प्सच्या पायथ्याचं हे गाव. त्या चित्रांमध्ये घरं, चर्चचा मनोरा, डोंगर हे सगळं ओळखू येतं, पण जो तो कुठेतरी कललेला असतो. पुढच्या पाच-सहा वर्षांत ओळखीच्या गोष्टी विरत गेल्या आणि कल तेवढा उरला. आपलं चित्र त्या प्रवासाच्या शेवटाजवळचं आहे. ३ जुलै १९१४ रोजी तो आणि म्युंटर गार्मिशजवळची ह्योलेनटाल घळ पाहायला गेले होते. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून कोसळणारं पाणी आणि कड्याला धरून जाणारी अरुंद वाट, अशी ती जागा. हे चित्र त्यानंतरचं.

यातलं काहीही मी वर्गाला आधी सांगितलं नाही. चित्रकार, साल, नाव, घळ, सगळं झाकून ठेवलं. गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून मूळ आकाराएवढी छपाई करून आणली होती, ती फळ्यावर टांगली. फ्लेक्सवर लाल आणि पिवळा रंग नको तितके भडक उतरतात, त्यामुळे रंगांच्या बारीक छटांबद्दल कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही, हे मनाशी पक्कं होतं. दिशा, जागा, आकार आणि त्यांची एकमेकांशी होणारी टक्कर एवढं मात्र फ्लेक्सवरही नीट वाचता येतं.

आधी नाम नको

‘जत्रा’ आणि ‘पूर’ ही उत्तरं पहिल्या दोन मिनिटांत आली आणि लगेच दोन बाकांमध्ये जुंपली. जत्रावाल्यांकडे मुद्दा होता. शिमग्यात पालखी नाचवतात तेव्हा असंच दिसतं, एकाने सांगितलं. पालखी खांद्यावर असते, पण डोळ्यांना पालखी, माणसं, गुलाल, झाडं सगळंच एकदम फिरताना दिसतं. ज्याने खांदा दिलाय त्यालाच हे सुचावं. पूरवाल्यांकडे त्या घडीला फक्त आवाज मोठा होता, मुद्दा नव्हता.

मग एक नियम घातला. आता कुणी नाम वापरायचं नाही. पूर नको, जत्रा नको, डोंगर नको, घोडा नको. फक्त क्रियापद सांगायचं आणि ते कुठे घडतंय तिथे बोट ठेवायचं. चढतं, घसरतं, आदळतं, अडतं, वळतं, ओघळतं, टोचतं. प्रत्येकाला चित्राची काळी-पांढरी झेरॉक्स आणि वर ठेवायला बटर पेपर दिला. त्यावर फक्त बाण काढायचे. जोर जास्त वाटेल तिथे बाण जाड, आणि हालचाल थांबते तिथे फुली.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा भाग हाच. एकमेकांशी भांडणाऱ्या दोन गटांचे बटर पेपर एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले, तेव्हा बाण बरेचसे जुळले. तिरक्या दिशांचा भडिमार दोघांनाही दिसला होता. चित्राच्या कडांकडून आत घुसणारे आकार दोघांनी दाखवले होते. कड्यासारखे उभे भाग आणि त्यांच्यामधून निसटून खाली येणारं काहीतरी, हेही दोन्हीकडे होतं. म्हणजे गतीबद्दल वाद नव्हताच. वाद त्या गतीला कोणत्या भावनेचं नाव द्यायचं एवढ्यापुरता होता.

याच टप्प्यावर निवृत्तीला आलेल्या एका सरांनी हरकत घेतली. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना त्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलंय. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “मी मुलांना सांगतो, आधी क्षितिजाची रेघ मारा, मग बाकीचं. इथे क्षितिजच नाही. डोळ्याने बसायचं कुठे?” त्यांना वाटत होतं, ते चित्राचा दोष सांगताहेत. खरं तर त्यांनी चित्राच्या कण्यावर बोट ठेवलं होतं. आडवी, स्वस्थ, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी एकही रेघ या चित्रात नाही. त्यात आकार चौरस. आडव्या कागदावर नजर आपोआप लांबवर पसरते, उभ्यावर वर चढते. चौरसात तिला असा आयता उतार मिळत नाही, ती आतल्या आत फिरत राहते. सरांनी विचारलेला ‘बसायचं कुठे’ हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि पुढचं सगळं काम त्याच प्रश्नावर केलं.

झेरॉक्समध्ये काय उरलं

रंगीत फ्लेक्स झाकला आणि सगळ्यांना फक्त झेरॉक्स पाहायला लावली. जत्रावाल्यांचा गट तिथेच डळमळला. “आता मजा नाही वाटत, धावपळ वाटते,” एकजण म्हणाला. पूरवाल्यांना काही फरक पडला नाही. उलट त्यांना ते जास्तच अंगावर आलं.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. आनंद मुख्यतः रंगात होता आणि घालमेल रेघांत. एकाच चित्रात रंग एकीकडे ओढतो आणि रेघ दुसरीकडे. आपण एकच भावना शोधत बसलो तर यातलं एक काहीतरी खोटं ठरवावं लागतं, आणि वर्गात नेमकं तेच चाललं होतं. कँडिन्स्कीने १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात रंगांनाही गती असते असं मांडलं होतं: पिवळा पाहणाऱ्याच्या अंगावर येतो, निळा आत मागे सरतो, हिरवा स्वस्थ बसतो, लाल जागच्या जागी धगधगतो. मुलांना पाच पावलं मागे जाऊन हे पडताळायला सांगितलं, बहुतेकांना जाणवलं. फ्लेक्सच्या रंगांवर त्यापुढे भर देणं योग्य नव्हतं, म्हणून तो भाग तिथेच सोडला.

मग फ्लेक्स उलटा टांगला. अमूर्त चित्र उलटं केलं तरी चालतं, असा शिक्षकांपैकी दोघांचा समज होता. उलटं करताच खालच्या भागात मध्याजवळ असलेला पट्ट्यापट्ट्यांचा आकार वर गेला आणि सगळं चित्र टेकू काढल्यासारखं लोंबकळायला लागलं. पुन्हा सुलट केलं. आता सगळ्यांचं लक्ष त्या पट्ट्यांवर होतं. तोपर्यंत कुणीही त्यावर फुली मारली नव्हती.

“ह्यो धक्का हाय,” मागच्या बाकावरून आवाज आला. खाडीत होडी चालवणाऱ्या घरातला मुलगा. नामांवरची बंदी इथे मी उठवली, कारण आता त्याला नाव द्यायचा हक्क पोचत होता. फळ्यांचा धक्का, त्यावर दोन लहानशा आकृती, आणि खाली होडीसारखा लांबट आकार, त्याला छेदून जाणाऱ्या वल्ह्यासारख्या रेघा. तो पुढे म्हणाला, “वल्हं बाहेर हाय म्हंजे मानूस हाय, मॅडम.” नुसती वाहत चाललेली होडी असती तर वल्हं तिच्या लांबीला धरून आत पडलं असतं. ते आडवं बाहेर आलंय, म्हणजे कुणीतरी पाण्याशी झटतंय. चित्राच्या अभ्यासकांनीही धक्का, बव्हेरियन (म्युनिककडच्या प्रांताच्या) पोशाखातलं जोडपं, होडी, धबधबा, शिड्या या गोष्टी ओळखल्या आहेत. वल्ह्याच्या कोनावरून जोर ओळखणारं वाचन मात्र मी त्या मुलाकडून पहिल्यांदा ऐकलं आणि मला ते पूर्ण पटलं.

तिचं वाचन

आता त्या मुलीकडे. मी तिला पूर म्हणू नकोस असं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, पूर कुठे दिसतो ते दाखव.

ती बराच वेळ फ्लेक्सपाशी उभी राहिली. मग बोलायला लागली ती सलग बोलली. पूर म्हणजे नुसतं पाणी वर येतं असं नाही. पाणी वर येतं तेव्हा घरातल्या वस्तूंच्या जागा बदलतात. जे खाली असायचं ते डोळ्यांसमोर येतं. गादी तरंगते, कपाट आडवं होतं, दार उघडत नाही. अंधारात कुठली वस्तू कुठे आहे ते हाताला कळेनासं होतं. तिने एकेका जागेवर बोट ठेवलं. ही शिडी कशालाही टेकलेली नाही. हा आकार घरासारखा आहे, पण त्याच्याखाली जमीन नाही. हे वरचं जड आहे आणि त्याला कुणी धरलेलं नाही. “इथे सगळं चुकीच्या उंचीवर आहे,” ती म्हणाली.

हे ऐकून वर्ग गप्प झाला. मलाही काही क्षण पुढे बोलणं सुचलं नाही. गतीबद्दल आम्ही तोवर फक्त दिशा मोजत होतो. तिने वजन आणलं. वस्तूंचं वजन आणि त्यांची जागा यांचं नातं तुटलं की पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. ती भीती या चित्रात खरोखर आहे, आणि ती कुठून येते ते तिने जागा दाखवून सिद्ध केलं.

आपल्या काव्यशास्त्रात या प्रसंगाला नेमकी जागा आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातली विघ्नं सांगितली, त्यांत एक आहे ‘निजसुखादिविवशीभाव’. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो की समोरच्या कलाकृतीपर्यंत पोचत नाही. शिक्षकांपैकी एका मॅडमना हाच आक्षेप होता, आणि तो चुकीचा नव्हता: ही मुलगी चित्र पाहतच नाही, ती आपली रात्र पाहते. पहिल्या दोन मिनिटांपुरतं ते खरं होतं. पण तिने फ्लेक्सवर बोट टेकवलं त्या क्षणी ती आठवण विघ्न राहिली नाही. इतरांना न दिसलेली गोष्ट तिला त्या आठवणीमुळे दिसली, आणि एकदा दाखवल्यावर ती सगळ्यांना दिसली. ज्याच्या घरात कधी पाणी शिरलं नाही त्यालाही. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटलं, म्हणजे एकाचा खासगी अनुभव सगळ्यांचा होणं, ते वर्गात घडताना इतकं उघड क्वचितच पाहायला मिळतं. म्हणून आठवण वर्गाबाहेर ठेवा, असं मी कोणत्याही शिक्षकाला सांगणार नाही. तिला चित्रावरची जागा विचारा, इतकंच.

यानंतर तिला एकच प्रश्न केला. सगळं चुकीच्या उंचीवर आहे, तर बरोबर उंचीवर काय आहे?

तिने धक्क्यावरच्या दोघांकडे पाहिलं. “हे दोघे पळत नाहीयेत,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “बघत उभे आहेत.”

सरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. डोळ्याने बसायची जागा आहे, फक्त ती क्षितिजावर नाही, त्या चार फळ्यांवर आहे. एवढ्या उलथापालथीत तेवढाच तुकडा जमिनीच्या नियमाने वागतो. फळ्या सरळ, माणसं उभी.

साल कळल्यावर

आता चित्रकाराचं नाव आणि साल सांगितलं. १९१४ म्हणताच शिक्षकांमधून उत्तर आलं: मग पूरवाले बरोबर, ही महायुद्धाची चाहूल आहे. हा मोह सगळ्यांनाच होतो. २८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला होता. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि रशियन नागरिक असलेल्या कँडिन्स्कीला दोन दिवसांत देश सोडावा लागला. तारखा अगदी जवळ आहेत. काही अभ्यासकांना या चित्राच्या कडांशी बायबलमधले प्रलयाचे घोडेस्वारही दिसले आहेत, आणि कँडिन्स्कीने असे विषय आधी हाताळले होते हे खरंच आहे.

तरीही हे उत्तर मी मान्य केलं नाही. युद्ध झालं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण ते चित्रात मागे नेऊन ठेवतो. तारखेने फार तर एवढं सांगता येतं की प्रलयाची कल्पना हवेत होती. कॅनव्हासवर ती आहे का, हे कॅनव्हासवरच दाखवावं लागतं. आणि दाखवायला गेलं की धक्क्यावरचे दोघे आडवे येतात. सहलीला आलेलं, सणाच्या पोशाखातलं जोडपं प्रलयाच्या मधोमध निवांत उभं आहे. निव्वळ भीतीचं चित्र असतं तर त्यांना तिथे ठेवायचं काही कारण नव्हतं.

यापेक्षा जवळचा पुरावा कँडिन्स्कीचाच आहे. आधल्याच वर्षी, १९१३ साली, त्याने जलप्रलयाच्या कल्पनेवरून ‘कॉम्पोझिशन ६’ हे भलंमोठं चित्र केलं आणि त्याबद्दल लिहिलंही. त्याचं म्हणणं असं की वस्तू म्हणून पाहिलं तर जो मोठा विनाश आहे, तोच स्वतंत्र नाद म्हणून ऐकला तर स्तुतिगीत ठरतो, विनाशानंतरच्या नव्या निर्मितीचं. म्हणजे जत्रा आणि पूर या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकांच्या विरोधी नव्हत्या. चित्राच्या नावाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. बाहेरच्या निसर्गाचा थेट ठसा असेल तर तो ‘इम्प्रेशन’ म्हणायचा आणि आतून, नकळत उसळून आलेलं असेल तर ‘इम्प्रोव्हायझेशन’. इथे त्याने आतल्या उसळीच्या नावाला बाहेरच्या घळीचं नाव जोडून दिलं.

वर्गाने काय ठरवलं

मत घेतलं नाही, चर्चा करूनच मांडणी केली. रेघांची गती सैरभैर आहे, वस्तूंचं वजन सुटलेलं आहे, आणि त्यातून येणारं भय खरं आहे. रंग त्या भयाला साथ देत नाहीत, ते उसळतात. आणि या दोन्हींच्या मध्ये पाहणारे दोघे आहेत, जे न पळता पाहताहेत. रसांच्या भाषेत बोलायचं तर भयानकाने सुरुवात होते, पण चित्र तिथे थांबत नाही. पाहणारा स्थिर झाला की तेच भय विस्मयाकडे झुकतं आणि अद्भुताची वाट मोकळी होते. जत्रावाल्यांनी हे मान्य केलं, कारण त्यांचा रंग त्यात राहिला होता. मुलीने मान्य केलं, पण एक अट घालून: भय आधी लिहायचं. तसंच लिहिलं.

सरांनी मान्य केलं नाही. क्षितिजाशिवाय निसर्गचित्र त्यांना अजूनही अपुरं वाटतं, आणि चाळीसेक वर्षांच्या शिकवण्यातून आलेलं ते मत एका दुपारीत बदलावं असा माझाही आग्रह नव्हता. पण शिबिर संपल्यावर त्यांनी आपल्या मुलांना स्मरणचित्राचा एक विषय दिला: खाडीतला धक्का, क्षितिजाची रेघ न मारता. ती चित्रं त्यांनी मला पाठवली. निम्म्या मुलांनी रेघ मारलीच होती. उरलेल्यांनी पाणी कागदाच्या कडेपर्यंत नेलं होतं, आणि त्यातल्या दोघांचा धक्का मला अतिशय आवडला.

एक मुद्दा सुटला नाही. होडी धक्क्याकडे येतेय की धक्क्यापासून निघालीय, यावर होडीवाला मुलगा आणि बाकीचे शेवटपर्यंत भांडत होते. तो म्हणत होता, निघालीय. त्याला कारण विचारलं तर वल्ह्याकडेच बोट दाखवायचा, पण वल्ह्याची तीच रेघ येणाऱ्या होडीलाही चालते. चित्रात दोन्हींपैकी एकाच्या बाजूने ठाम आधार आम्हाला सापडला नाही, त्यामुळे वर्गाने लिहिलेल्या वाचनात होडीची दिशा घातली नाही.